जुनं काढ

आनंदराव, तुमची फाईल मी उघडली आहे. तुम्हाला न विचारता.

परवा तेराव्याला पानं उठल्यावर वहिनींनी तुमचा लॅपटॉप पिशवीत घालून माझ्या हातात दिला. परवलीचा शब्द एका जुन्या लग्नपत्रिकेच्या मागे लिहून दिला. मी म्हणाले, "असू दे वहिनी, घाई नाही." खोटं बोलले. कुवेंपुनगरचा चौक ओलांडेपर्यंतही दम निघाला नाही, रिक्षातच लॅपटॉप मांडीवर उघडून बसले. माणसाला जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि मी त्याचं कपाट उचकत होते. पण मला भीती वाटत होती, राव. अजून वाटते आहे.

आज रविवार, संध्याकाळ आहे. उद्या सकाळी सातला पिरियापट्टणच्या गोदामात या हंगामातल्या तंबाखूच्या पहिल्या गाड्या लागणार. आणि तिथे वजनं नोंदवणाऱ्या आपल्या मशीनची डिस्क अठ्ठ्याण्णव टक्के भरली आहे. ती पूर्ण भरली की आपला प्रोग्राम थांबतो, एवढं तुमच्यासोबत राहून मलाही कळतं. जागा करायची तर काहीतरी पुसायला हवं. चुकीचं पुसलं तर गेल्या हंगामातल्या एकूण एक गासडीचं वजन जाईल. दुसरी प्रत तुम्ही ठेवत होतात, पण कुठे, ते तुम्हालाच ठाऊक. गोदामाचे मालक गौड्रु सकाळपासून दर तासाला फोन करत होते. ते गेले की त्यांच्या शब्दावर आलेली बाकीची दोन गिऱ्हाइकंही जातील. मग दुकानात उरेन मी, तुमच्या हाताखालची चैत्रा आणि बाहेरची पाटी.

म्हणून तुमची फाईल.

तिच्यात एक हजार नऊशे ओळी आहेत. गेल्या दोन दिवसांत मी सगळ्या वाचल्या, कन्नड अक्षरं लावत लावत. तुम्ही घरात मराठी बोलायचात आणि लिहायचात कन्नड लिपीत, आणि मी कन्नड शिकले ती बसच्या पाट्या वाचून. म्हणजे माझा वेग तुम्हाला माहीत आहे. कमांड इंग्रजीत, तिच्याखाली तुमचं मराठी. "हरवलेलं शोधायचं तर हे. नाव पुरतं माहीत नसलं तरी चालतं." "गाठोडं बांधायला हे, सोडायला हे. अक्षरांचा क्रम दरवेळी विसरतो म्हणून इथं." "ठरल्या वेळी आपोआप चालवायला पाच तारे: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मला अजून पाठ नाही, कुणाला सांगू नको." एका ठिकाणी, "पोर्ट अडवून कोण बसलाय ते आधी विचार. मग उठव. सरळ मारू नको." आणि सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाकणाऱ्या त्या कमांडखाली, "हे चालवणाऱ्याला चहा नाही."

मी हसले, राव. आणि लगेच संतापले. कारण हीच फाईल मी तुमच्याकडे अकरा वर्षं मागत होते.

मिरजेहून आले तेव्हा माझ्याकडे एक सेकंडहँड स्कूटर होती आणि प्रिंटरची शाई विकायची एजन्सी. या गावात मी एकेक गिऱ्हाईक घासाघीस करून मिळवलं आहे. कडकोळच्या कारखान्यात ज्या मॅनेजरसमोर पुरुष विक्रेते घाम पुसत बाहेर यायचे, त्याला मी तीन बैठकांत वाकवलं. पण तुम्ही वाकला नाहीत. मी म्हणायचे, "राव, हे सगळं नीट लिहून द्या. मराठीत नको, इंग्रजीत. कंपनीचं म्हणून."

"लिहूया की, अक्का."

"रोज एक पान."

"रोज कशाला? आठवड्याला एक."

"दोन."

"सरि, दीड." आणि तुम्ही हसायचात. दीड पान तर सोडाच, अकरा वर्षांत दीड ओळ मिळाली नाही. अक्का म्हणून वर भाव खायचात. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा माणूस मला थोरली बहीण म्हणतो, हे पहिल्या दिवशी मी टोकलं, तर म्हणालात, "वयानं नाही हो, आवाजानं."

आणि मला लिहून न देणारा हाच माणूस बाहेर सगळ्यांना वाटत सुटायचा. चहाच्या टपरीवर समोरच्या कंपनीची पोरं तुम्हाला गाठायची, तुम्ही मोबाईलवरून फाईलचे तुकडे त्यांना पाठवायचात. उद्या ज्यांच्याशी मला टेंडरमध्ये लढायचं, त्यांना! मी विचारलं की तुमचं एकच. "कमांड माझी आहे का? कुणीतरी मला सांगितली, मी पुढं सांगितली. आयतु, झालं." हे मला कधी पटलं नाही. आजही पटत नाही. तुम्ही गेलात म्हणून पटवून घेणार नाही. त्या पोरांपैकी चौघं तेराव्याला तुमच्याकडे जेवायला होती, वाढायलाही उभी राहिली, हे पाहिलं मी. तरीही.

पण आपलं खरं भांडण ते नव्हतं. आपलं भांडण एका शब्दाचं होतं, आणि ते चार वर्षं चाललं.

ते मी ज्याला त्याला सांगितलं आहे, इतक्या वेळा की आता पाठ झालं आहे. कडकोळच्या कारखान्याच्या वजनकाट्यावर काम अडलं. मी स्वतः गेले. हातात तुमच्या फाईलचा एक छापलेला कागद, तुम्ही स्वतःपुरता काट्यावर ठेवलेला. त्यावर लिहिलेलं, "जुनं काढ, मग नवं चालव." मी जुनं काढलं, म्हणजे पुसलं. तीन महिन्यांच्या पावत्या गेल्या. मग राव धावत आले आणि म्हणाले, काढ म्हणजे उघड! असं कुठं असतं का?

तुमच्यात असतं. तिथल्या मॅनेजरसमोर, चैत्रासमोर तुम्ही शांतपणे समजावत होतात. "कन्नडात दार उघड म्हणायचं तर 'बागिलु तेगी' म्हणतात, अल्वा? टोपी काढ म्हणायलाही तेगीच. दोन्हीला एक. आमच्या घरात म्हणून दार काढ, टोपी काढ. इतक्या पिढ्या झाल्या अक्का, अजून कुणी दार बिजागरीतनं उपटून हातात आणून दिलं नाही."

मॅनेजर हसला. त्याला मराठी कळत नव्हतं, तुमच्या हातवाऱ्यांवरच हसला. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "तुमचं मराठी हे मराठीच नव्हे. अक्षरं कन्नड, निम्मे शब्द कन्नड, उरलेल्यांचे अर्थ कन्नड. कशाला मिरवता घरात मराठी बोलतो म्हणून?"

तुम्ही म्हणालात, "आमचे आजे-पणजे फौजेबरोबर घोड्यावरनं आले, अक्का. तुम्ही मिरजेच्या बसनं आलात. स्वल्प आम्हालाही कळतं." मग कार्बन पावत्यांचे गठ्ठे मागवलेत आणि खुर्ची ओढून बसलात.

तीन आठवडे तुम्ही वाचत होतात आणि मी टाईप करत होते. "वीस टन चारशे ऐंशी." "पुढे." "अकरा टन सत्तर." आपण त्या दिवसांत आकड्यांखेरीज काही बोललो नाही. एकदा माझं मनगट आखडलं, तर तुम्ही न सांगता खुर्च्यांची अदलाबदल केलीत, मी वाचू लागले. तुम्ही दोन बोटांनी टाईप करायचात हे मला तोवर माहीत नव्हतं. इतका मोठा प्रोग्रामर आणि दोन बोटं! मला हसायचं होतं. भांडण चालू होतं म्हणून हसले नाही. ते हसू माझ्याकडे तसंच राहिलं आहे.

आता आजचं सांगते.

तुमच्या फाईलमध्ये पिरियापट्टणची नोंद आहे. "डिस्क भरली तर: जुनं काढ. जुनं-दोन काढ. मग चालू कर." संपलं. तीन वाक्यं.

चैत्रानं ऑफिसमधून गोदामाच्या मशीनला जोडून घेतलं होतं. लाईन दर दहा मिनिटांनी तुटत होती. मशीनवर दोन फोल्डर निघाले, इंग्रजी अक्षरांत june आणि june2. चैत्रा कपाळाला आठ्या घालून बसली. म्हणाली, "मेडम, जूनमध्ये तर गोदाम बंद असतं. मग जूनचा एवढा डेटा कुठून आला? आणि जून दोनदा कसा?"

मी म्हटलं, "जून नाही गं बाई, जुने! जुने म्हणजे ओल्ड."

"मग सरळ ओल्ड लिहायचं ना."

"हे तू मला सांगतेस?"

दोन्ही फोल्डर जवळपास सारखेच जड. आत नुसत्या आकड्यांच्या नावाच्या फायली. एकात गेल्या हंगामाची वजनं असणार, दुसऱ्यात टाकाऊ काहीतरी. कुठल्यात काय? आणि कुठला काढ म्हणजे उघडून तपास, कुठला काढ म्हणजे पूस? की दोन्ही उघड? की दोन्ही पूस? तेवढ्यात गौड्रुंचा फोन. "मेडम, काय ठरलं? गाड्या भरून झाल्यात." मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "तासाभरात होऊन जाईल, काळजी नको." आणि चैत्राला म्हणाले, "पहिला पूस."

तिनं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. "मेडम, तुम्ही सांगा म्हणजे करते. पण हे वाक्य सर घरी बोलायचे तसलं आहे. घरी कुणाला तरी विचारा की."

घरी! वहिनींनी आयुष्यात कधी कमांड पाहिलेली नाही. तरी फोन लावला. वाटलं होतं दोन मिनिटांत होईल.

"अक्का, जेवलात का?"

"वहिनी, एक सांगा. राव 'जुनं काढ' म्हणायचे तर काय म्हणायचे?"

"कुठलं जुनं?"

"तेच कळत नाहीये. कागदावर एवढंच आहे. जुनं काढ, जुनं-दोन काढ."

त्यांनी ते वाक्य दोनदा तोंडात घोळवलं. मग म्हणाल्या, "कपाट काढ म्हणजे उघड. कपाटातलं काढ म्हणजे बाहेर घे. डाग काढ म्हणजे घालव. नुसतं जुनं काढ म्हटलं तर मी नसतं काही केलं. हाक मारून विचारलं असतं, काय हो, काढू म्हणजे काय करू?"

मी फाईलमधली ती ओळ पुन्हा वाचू लागले. त्यांना वाटलं फोन तुटला. "अक्का? हे त्या कडकोळसारखंच झालं का मत्ते, परत? त्या वेळी मी फार बोलले होते त्यांना. म्हटलं, तुमच्या भाषेमुळं त्या बाईचं नुकसान झालं. ते 'हो, माझंच चुकलं' म्हणाले. मग पुण्याच्या भाच्याकडून शब्दकोश मागवला. रविवारी चष्मा लावून बसायचे घेऊन. मी हसायचे, या वयात काय परीक्षा आहे का म्हणून."

शब्दकोश मला माहीत नव्हता, राव. पण फाईलमध्ये त्याचा पुरावा आहे आणि मी तो दोन दिवस पाहून न पाहिल्यासारखा करत होते. कडकोळनंतरच्या सगळ्या नोंदींत 'काढ' कुठेच नाही. 'उघड' आहे. 'पुसून टाक' आहे. एका ठिकाणी चक्क 'अवलोकन कर' आहे. मी तुम्हाला भरल्या खोलीत म्हटलं होतं की तुमचं मराठी मराठी नव्हे, आणि तुम्ही घरी जाऊन माझं मराठी शिकलात. जुन्या ओळी मात्र तशाच ठेवल्यात. चाललेल्या ओळीला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम होता. पिरियापट्टणची ओळ जुनी आहे. कडकोळचीही.

आणि कडकोळची ओळ अशी आहे. आज अक्षर न् अक्षर पुन्हा वाचली.

"जुनं काढ. बघ. मग नवं चालव."

बघ. मधे एक 'बघ' आहे. चार वर्षं मी ही गोष्ट सांगताना तो शब्द गाळत आले. चुकून नाही. त्या दिवशी काट्याच्या केबिनमध्ये तो मी वाचला होता. वाचून थांबलेही होते. पुसून टाकल्यावर बघायचं काय, हे मिरजेच्या मराठीतही कळतं. फोन टेबलावर होता. पण त्या सकाळी टपरीवरच्या पोरांवरून आपलं वाजलं होतं, मी तुमचा फोन आदळून ठेवला होता, आणि आता परत लावून "राव, याचा अर्थ काय?" असं विचारायचं म्हणजे माघार घ्यायची. मी आयुष्यात पहिला फोन कधी केलेला नाही. समोरच्याला करायला लावते, तशीच इथवर आले. म्हणून पुसायच्या कळीवर बोट टेकवलं.

तुम्ही आल्या आल्या तो कागद पाहिला असणार. तुमच्याच हातची ओळ, तुम्हाला 'बघ' दिसला नसेल हे शक्य नाही. मॅनेजरसमोर एकदा त्यावर बोट ठेवलं असतंत तर मी तिथेच गप्प झाले असते. त्या तीन आठवड्यांत म्हणू शकला असतात. नंतर मी तुमच्या तोंडावर दहा जणांना ही गोष्ट सांगितली, तेव्हा म्हणू शकला असतात. स्वतःच्या बायकोलाही म्हणाला नाहीत. का? माझ्यावर उपकार करत होतात? मला ते नको होतं. भांडायचं होतं तर पुरतं भांडायचं. आता मी हा राग कुठे घेऊन जाऊ?

वहिनींना मी फोनवरच सगळं सांगितलं. 'बघ'सकट. तुमच्या रावांचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं, आणि मला ते त्या क्षणीच माहीत होतं. हे बोलायला मला मराठी पुरेना, वहिनींच्या कन्नडात शिरले, तिथेही अडखळले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चार वर्षं मी त्यांना टोचून बोलले, अक्का." आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं, चढलेल्या आवाजाशी कसं बोलायचं ते मला येतं. "आज ठेवते मी फोन. उद्याचं झालं की कळवा." आणि ठेवला. त्या मला माफ करतील की नाही, माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

मग मी गौड्रुंना फोन लावला. आधी मी लावला, त्यांचा यायची वाट न बघता. मी म्हणाले, "नंगे गोत्तिल्ला." मला माहीत नाही. या गावात एवढी वर्षं धंदा केला, पण गिऱ्हाइकासमोर हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते. काय पुसायचं ते माहीत नाही, रावांनी लिहिलंय ते मला समजत नाही, मघाशी तासाभरात म्हणाले ते खोटं होतं. सकाळी कोरी डिस्क घेऊन स्वतः येते. आधी दोन्ही फोल्डरची प्रत काढू, उघडून पाहू, मगच एकाला हात लावू. तोवर वजनं कागदावर घ्या.

पलीकडून गोदामातल्या हमालांचे आवाज येत होते. "रावांना माहीत असायचं," गौड्रु म्हणाले. "तुम्हाला नाही, हे मला ते गेले त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही कबूल कधी करता तेवढंच बघत होतो."

"किती वेळ द्याल?"

"बारापर्यंत. साडेबारा नाही. बाराला मशीन चालू नसेल तर दुसरा माणूस बोलावतो. मला राग नाही, मेडम. हंगाम आहे."

एरवी मी दोनपासून सुरुवात केली असती. आज "सरि" म्हणाले. चैत्रा मान वळवून माझ्याकडे बघत राहिली.

ती आता घरी गेली आहे. पहाटे पावणेपाचला तिला घ्यायला जायचं आहे, म्हणजे सातच्या आत गोदामात पोचू. नवी डिस्क पर्समध्ये आहे. ती आहे ना, हे मी लिहिता लिहिता चार वेळा चाचपून पाहिलं. मशीनला ती ओळखू आली नाही तर? उघडल्यावर दोन्ही फोल्डर सारखेच दिसले तर? प्रत व्हायला पाच तास लागले तर? हे प्रश्न विचारायचे ते तुम्हाला, आणि आता मला विचारायचं आहे तर तुम्ही नाही.

झोपण्याआधी एक काम उरलं होतं, ते केलं. तुमच्या फाईलमध्ये कडकोळची ओळ आहे, तिला हात लावला नाही. तिच्याखाली एक ओळ घातली. कन्नड अक्षरांत, एकेक कळ शोधत, तुमच्यासारखी दोन बोटांनी.

"वरची ओळ बरोबर आहे. वाचणारीनं कळूनही विचारलं नाही."

मग फाईल सेव्ह केली आणि टपरीवरच्या त्या चौघांनाही पाठवून दिली. पूर्ण, एक हजार नऊशे एक ओळी.